मोर समोरासमोर होते की पाठमोरे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात पणजीतल्या एका चित्रप्रदर्शनाची बातमी आली होती. बातमीत मी अकरा नावे मोजली. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, खास निमंत्रित, स्वागत कोणी केले, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले. सोबत समई पेटवतानाचा फोटो. त्यात सात माणसे, एक समई आणि सातव्या माणसाच्या खांद्यामागून डोकावणारा एका चित्राचा कोपरा. चित्रकाराचे नाव तिसऱ्या परिच्छेदात सापडले. चित्रे किती होती, कशाची होती, जलरंगातली की तैलरंगातली, हे बातमी दोनदा वाचूनही कळले नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. रागावण्याचा मला अधिकारही नाही, कारण असल्या बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी ३१ वर्षे चित्रकला शिकवली. गावात कुणाचे प्रदर्शन भरले की ‘मास्तर, चार ओळी खरडा हो’ म्हणून कागद माझ्याकडे यायचा आणि मी खरडायचो. परवा माळ्यावरची जुनी कात्रणे काढून वाचली. ‘कुंचल्याची जादू’ पाच वेळा आली आहे. ‘मनोहारी रंगसंगती’ मोजायचे मी सोडून दिले. एका कात्रणात ज्याची स्तुती केली आहे त्या चित्रकाराचे एकही चित्र आज मला आठवत नाही, आणि ते कात्रण वाचूनही आठवत नाही. म्हणजे लिहून काय साधले?

पणजीतल्या आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात मी ऐंशीच्या दशकात शिकलो. कॉलेज १९७२ साली निघालेले आणि आमच्या वेळी लक्ष्मण पै प्राचार्य. रंग, रेषा, फिगर, सगळे हातात बसले ते तिथेच. चित्रावर लिहायचेही शिक्षण असते, हे मात्र आम्हा मुलांपैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. ज्याला काढता येते त्याने काढावे, ज्याला काढता येत नाही त्याने लिहावे, असा आमचा सरळ हिशेब. तो चुकीचा होता हे मला कळायला साठी उलटावी लागली, आणि तेही भाचीकडून कळले.

भाची गोवा विद्यापीठातून मराठीत एम.ए. झाली. पुढे काय म्हणून घरात चर्चा चालली होती. भावोजींचे म्हणणे बी.एड. कर. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “मामा, चित्रांवर लिहायला कुठे शिकवतात? आणि चित्रे कुठली, कशी, कुठे लावायची हे?” मी हसलो. लावायला काय शिकायचे? खिळा आणि हातोडी! तिने मोबाईल पुढे केला. तेव्हा समजले की याची रीतसर पदव्युत्तर शिक्षणे आहेत आणि तीही आजकालची नाहीत. अमेरिकेतल्या बार्ड कॉलेजात क्युरेटरीच्या, म्हणजे चित्रे निवडून मांडण्याच्या, अभ्यासाचे केंद्र १९९० साली निघाले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये समकालीन कलेच्या क्युरेटिंगचा एम.ए. १९९२ पासून आहे. टोरांटोच्या ओकाड विद्यापीठाने तर कलासमीक्षा आणि क्युरेटिंग एकाच पदवीत बांधले आहे. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहास आणि सौंदर्यशास्त्राचा नावाजलेला विभाग आहे. दिल्लीत जेएनयूचे कला आणि सौंदर्यशास्त्राचे स्कूल आहे. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक भारतीय कला आणि क्युरेटिंगची पदव्युत्तर पदविका चालवली. घरून कदंब बसने ये-जा करता येईल असे मात्र काही तिला मिळाले नाही.

शेवटी ती बाहेरगावी गेली. कुठे, ते महत्त्वाचे नाही. भावोजींची पिठाची गिरण. बहिणीच्या दोन बांगड्या सोसायटीत गेल्या, त्यातली एक सुटली आहे. ‘मुलगी काय शिकते?’ असे लग्नाकार्यात कुणी विचारले की बहीण ‘म्युझियमचे काहीतरी’ म्हणून विषय बदलायची.

पहिल्या सुट्टीत ती आली ती चवथीला. ‘क्युरेटर म्हणजे नेमके काय गं?’ मी विचारले. ती सांगू लागली की मूळ लॅटिन शब्द काळजी घेण्याचा, मग संग्रहालयातल्या वस्तूंची काळजी घेणारा तो क्युरेटर, सरकारी भाषेत अभिरक्षक, आणि आता नुसती काळजी नाही, तर कुठली वस्तू कुठल्या वस्तूशेजारी ठेवली की दोघी बोलू लागतात हे ठरवणारा. ती बोलत होती आणि माझी नजर वर होती. गणपतीच्या डोक्यावर माटोळी. मी म्हटले, “अगं, मग आमचे थोरले काका क्युरेटरच होते की.”

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. माटोळी म्हणजे गणपतीवर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली, परसातली फळे-फुले. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, निरफणस, लालभडक कवंडळ, वाजणाऱ्या घागऱ्या. काका आदल्या दिवशी अंगणात सगळे पसरून तासभर नुसते बघत बसायचे. जड ते कोपऱ्यांना, म्हणजे चौकट कलंडत नाही. कवंडळ कधी दोन शेजारी शेजारी नाही, मध्ये हिरवे हवेच. कुठले फळ कुठल्या डोंगरावरून आले ते त्यांना माहीत असायचे. आम्ही पोरे बोट दाखवून ‘हे काय?’ विचारायचो, आणि नाव, गाव, कुठल्या दुखण्यावर उगाळून देतात ते, एवढे तीन वाक्यांत यायचे. चौथे वाक्य नाही. काका बोलायचे थांबले की आम्ही पुन्हा वर बघायचो.

भाचीला हे आवडले. पण ती माझ्यासारखी लगेच खूश होणाऱ्यातली नाही. ती म्हणाली, “आणि हल्लीच्या स्पर्धेतल्या माटोळ्या?” हल्ली स्पर्धेसाठी फळे-बिया चिकटवून मोर करतात, वीणा करतात, अख्खा देखावा उभा करतात. कष्ट अफाट असतात, बघायला गर्दी होते. पण तिथे कुणी ‘हे फळ कुठले?’ असे विचारत नाही, कारण फळ दिसतच नाही, वीणा दिसते. “क्युरेटरची खोडही हीच असते मामा,” ती म्हणाली. “विषय एवढा मोठा करून ठेवतो की चित्रे त्याला नुसती चिकटवलेली राहतात.” पहिल्या वर्षाच्या मुलीने हे म्हणावे! बांगडी वसूल झाली, असे मी बहिणीला त्याच दिवशी सांगितले.

पणजीत क्युरेटर हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला तो २०१६ पासून, सेरेंडिपिटी कला महोत्सव दर डिसेंबरात भरू लागला तेव्हापासून. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जुन्या इमारतीत, आदिलशाही राजवाड्यात चित्रे लागली. नाटकाचा क्युरेटर वेगळा, हस्तकलेचा वेगळा, खाण्याचासुद्धा वेगळा. त्यापूर्वी २००९ साली आल्तिनोवर सुनापरान्त आले, २०१५ मध्ये पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा. दालनांचा आपल्याकडे दुष्काळ नाही. चित्रकारांचा तर नाहीच नाही. साळगावचा सोझा आणि मूळ गोव्याच्या घराण्यातले गायतोंडे, दोघेही १९२४ सालचे. गायतोंडे २००१ मध्ये गेले, आणि न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१४ मध्ये भरवले. ते संधिनी पोद्दार या क्युरेटर बाईंनी उभे केले. गायतोंड्यांची चित्रे जगभर कुणाकुणाच्या घरात, कुठल्या कुठल्या संस्थांत. ती शोधणे, मालकांना पटवणे, मागवणे, कुठले चित्र कुठल्या वर्षाचे ते ताडणे, मग भिंत. मी इतकी वर्षे चित्रकारांची नावे पाठ करवून घेतली मुलांकडून. त्यांची चित्रे आपल्यापर्यंत कोण पोचवतो, हे एकदाही सांगितले नाही.

आता थोडे खिळ्याविषयी. शिकून आल्यावर भाचीला मार्च महिन्यात एका दालनात तीन आठवड्यांचे काम मिळाले. मी मदतीला म्हणून गेलो, म्हणजे डबा घेऊन गेलो आणि बसून राहिलो. तिने आधी फीत काढली, मग दोरा, मग गवंड्याची पाणसळ. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. चित्र लहान असो की मोठे, मध्यरेषा एकच. उभ्या माणसाची नजर साधारण तिथे पडते. खिळा कुठे येईल हे चौकटीच्या मागची तार ताणून मोजायचे. स्नेहसंमेलनाला मुलांची चित्रे लावताना माझी पद्धत वेगळी होती. जुना खिळा जिथे असेल तिथे चित्र. मग तिने हातातल्या यंत्राने प्रकाश मोजला. कागदावरच्या जलरंगाला ५० लक्सच्या वर प्रकाश नको, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. मी घरी येऊन माझ्या हॉलमधले मांडवी नदीचे जलरंग चित्र बघितले. खिडकीसमोर बावीस वर्षे. संध्याकाळच्या आकाशात मी क्रिमसन लेक भरपूर वापरला होता. त्यातला गुलाबी कधीच उडून गेला आहे आणि आता ती संध्याकाळ आहे की दुपार, ते मलाच सांगावे लागते. चौकट उतरवली तर मागे हार्डबोर्डला बुरशी, कागदावर कसर. आपल्या पावसाळ्यात कागद कसा जगवायचा, हे शिकवायला लंडनचे पुस्तक अर्धेच पुरेल. बाकीचे अर्धे इथेच शिकायला हवे.

प्रत्येक चित्राशेजारी चिठ्ठी असते. नाव, वर्ष, माध्यम, आकार. आकारात आधी उंची, मग रुंदी; हेसुद्धा मी आयुष्यभर उलटे लिहिले. त्याखाली साठेक शब्दांत चित्राविषयी. भाचीने चौदा चित्रांच्या चौदा चिठ्ठ्या इंग्रजीत आणि मराठीत केल्या होत्या. मराठीच्या लागल्या नाहीत. जागा नाही म्हणाले; शिवाय ‘येणारे सगळे इंग्रजी वाचतातच’. ती वाद घालत बसली नाही. मी घातला, आणि त्याचा व्हायचा तोच उपयोग झाला.

त्या दालनात पेडण्याकडचा एक रखवालदार होता. वीस दिवस, रोज आठ तास, तो त्या चित्रांसमोर उभा. आम्हा सगळ्यांत त्या चित्रांकडे जास्तीत जास्त वेळ बघितलेला माणूस तो. तिसऱ्या दिवशी त्याने एका चित्राकडे हनुवटी करून भाचीला विचारले, “हें कितें गो बाय?” तिने न लागलेल्या मराठी चिठ्ठ्यांचा छापील कागद त्याला दिला. पुढच्या आठवड्यात मी गेलो तर तो म्हापशाहून आलेल्या एका कुटुंबाला सातव्या चित्राजवळ उभा राहून समजावत होता, कोकणीत, हाताने आकार दाखवत, आणि अडला की खिशातला घडी घातलेला कागद काढून बघत. चिठ्ठीत होते त्याहून दोन गोष्टी तो जास्त सांगत होता. त्या त्याने स्वतः बघून काढल्या होत्या आणि त्या बरोबर होत्या.

मराठी की कोकणी हा वाद मला इथे उकरायचा नाही, त्यात माझी उमेद गेली. दोन्हींत लिहा. रोमी लिपीत लिहा. पण चित्रावर लिहिणे आपल्या भाषेला झेपत नाही असे कुणी म्हणू नये. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे बघत आमची पिढी वाढली. द. ग. गोडसे, ज्ञानेश्वर नाडकर्णी, चित्रकार असून लिहिणारे प्रभाकर बरवे आणि प्रभाकर कोलते, ही सगळी मंडळी मराठीत लिहीत होती. रिकामी जागा, पोत, उजेड, ओघळ, गिलावा, घोटीव, खडबडीत, फिका, उडालेला, मुरलेला. शब्दांची वाण नाही. वाण आहे ती चित्रासमोर बसून एक पान लिहायला लावणाऱ्या आणि ते लाल शाईने परत देणाऱ्या शिक्षकाची.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

आमच्या गावच्या देवळाला कावी होती. कावी म्हणजे देवळाच्या भिंतीवरचे लाल-पांढरे चित्रकाम. कोकणपट्टीत, गोव्यात, कारवारकडे जुन्या देवळांवर ते असायचे. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आजही बघायला मिळते. होन्नावरच्या डॉ. कृष्णानंद कामतांनी पायपीट करून या भिंतींची नोंद केली, म्हणून निदान अभ्यासकांना तिचे नाव माहीत. शिंपल्यांचा चुना, धुतलेली रेती आणि गूळ एकत्र करून मुरवायचा, कुटायचा, त्याचा पांढरा गिलावा. त्यावर लाल कावेचा पातळ थर. थर ओला आहे तोवर अणकुचीदार लोखंडी हत्याराने लाल खरवडून काढायचे की खालचा पांढरा उघडा पडतो आणि नक्षी उमटते. खोडायला रबर नाही. चुकले की चुकले.

पंधरा वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार झाला. ओल आली होती, छत गळत होते, काम करणे भाग होते हे मी नाकारत नाही. पण भिंतीही खरवडल्या आणि खाली कमरेपर्यंत ग्रॅनाइट आले. एका वडीलधाऱ्याला मी हळूच विचारले, भिंत ठेवता येणार नाही का? ते म्हणाले, “मास्तर, पोरनें काडले बगर नवें कशें जातलें?” (जुने काढल्याशिवाय नवे कसे होणार?) मला उत्तर सुचले नाही. उत्तर न सुचण्याचे कारण असे की त्या भिंतीवर काय आहे, ते जुने आहे म्हणजे किती, दुसरीकडे कुठे तसे उरले आहे, यातले काहीच मला सांगता येत नव्हते. ‘छान आहे’ एवढेच सांगता येत होते, आणि छान तर ग्रॅनाइटही दिसते. मी जीर्णोद्धाराला १००१ रुपये देणगी दिली. स्मरणिकेचे मुखपृष्ठही मीच केले. त्यात कळस आहे, समई आहे, उगवता सूर्य आहे. कावीची एक रेघही नाही.

मलबा टेम्पोत भरत होते तेव्हा एक तुकडा मात्र उचलून आणला. तो चपलांच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर पडून होता. भाचीने गेल्या मे महिन्यात तो खाली काढला, टेबलावर पांढऱ्या कपड्यावर ठेवला आणि माझे भिंग मागितले. तासभर बोलली नाही. मग मला बोलावले. मोडलेल्या कडेवर थर दिसत होते, कापलेल्या बर्फीसारखे. तळाला चिऱ्याचा कण लागलेला, त्यावर भरड गिलावा, त्यावर बोटाच्या पेराएवढा पांढरा चुना, आणि वर लाल, नखाइतका पातळ. लाल कुठे गडद, कुठे फिका. हात फिरला त्या दिशेने बारीक ओरखडे. मोराच्या पिसाऱ्यातले डोळे. “इथे बघा,” ती म्हणाली. एका डोळ्याच्या बरोबर मध्यभागी टाचणीने टोचल्याएवढे भोक. कंपासचे टोक टेकवलेले. कोण्या कारागिराने ओल्या भिंतीत टोक रोवून वर्तुळ फिरवले, तो क्षण तिथे तसाच. मी तीस वर्षे मुलांना कंपासने वर्तुळे काढायला लावली आहेत. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते वयामुळे असेल.

मग तिने विचारले, “मामा, मोर दोन होते ना? समोरासमोर होते की पाठमोरे?”

ती भिंत मी चाळीस वर्षे बघितली. तिच्याखाली बसून जेवलो आहे. दिंडीला तिथे टाळ वाजवला आहे. आणि मला आठवेना. ब्राऊन पेपर घेतला, आठवून काढायला बसलो. समोरासमोर काढले, बरोबर वाटले. पाठमोरे, माना मागे वळवलेले काढले, तेही बरोबर वाटले. गावात पाच वृद्धांना विचारून आलो. तिघे म्हणाले समोरासमोर. एक म्हणाला पाठमोरे, पैज लाव. पाचव्याने विचारले, “खंयचे मोर?” (कुठले मोर?)

भाचीने त्या तुकड्याला चिठ्ठी लिहिली. पहिल्या खर्ड्यात मीच सुचवलेला ‘अप्रतिम’ होता, तो तिने काट मारून काढला. पूर्ण चिठ्ठी अशी:

‘कावी भित्तिचित्राचा तुकडा. चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर, खरवडून काढलेली नक्षी. उंची २३, रुंदी १७ सेंटिमीटर. डिचोली तालुका. काळ अज्ञात. मोराच्या पिसाऱ्यातील साडेतीन डोळे दिसतात. त्यांपैकी एकाच्या मध्यभागी वर्तुळ आखताना टेकवलेल्या कंपासची खूण आहे. भिंतीवर दोन मोर होते. ते समोरासमोर होते की पाठमोरे, हे ठरवता आलेले नाही.’

‘कुंचल्याची जादू’ लिहिणाऱ्या माणसाने ही चिठ्ठी किती वेळा वाचली असेल ते सांगत नाही.

माझे मागणे साधे आहे. कलालेखन आणि क्युरेटिंगचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम गोव्यात, गोव्याच्या मुलांना परवडेल अशा फीमध्ये सुरू व्हावा. गोवा विद्यापीठात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या नावाचे अध्यासन आहेच. कुठून तरी धागा धरता येईल. प्रवेश चित्रकलेच्या पदवीधरांना द्या तसा मराठी, कोकणी, इतिहास शिकलेल्यांनाही द्या. इंग्रजी हवीच, जगाशी बोलायचे तर ती लागते. पण आठवड्याला एक पान आपल्या भाषेत लिहिणे सक्तीचे असावे, आणि ते पान चित्रासमोर बसून लिहिलेले असावे. विषयांची टंचाई पडायची नाही. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारातले जॉर्ज कोलासोचे १९३५ चे निळे अझुलेजो, म्हणजे चित्रे रंगवलेल्या फरशा, रोज शेकडो माणसे ओलांडून जातात. फोंतेन्हासला फुंदासांव ओरिएंतमध्ये सांगेत जन्मलेल्या आंतोनियो शावियर त्रिंदादची तैलचित्रे आहेत. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आंजेलो द फोन्सेकाची चित्रे आहेत. साडी नेसलेली मेरी काढल्याबद्दल ज्याने आपल्याच लोकांचे बोल ऐकले तो चित्रकार. यातल्या एकेकावर सत्र घालवता येईल.

आणि एक गोष्ट सक्तीचीच. गोव्याचे तालुके बारा. वर्गात मुले बारा घ्या. प्रत्येकाने एका तालुक्यातल्या देवळांच्या, चर्चच्या, जुन्या घरांच्या भिंती हिंडून बघायच्या, मोजायच्या, फोटो काढायचे, चिठ्ठ्या लिहायच्या. जीर्णोद्धाराची बैठक बसेल तेव्हा कुणीतरी कागद घेऊन तिथे जाऊ शकेल. देवस्थान समितीतली माणसे वाईट नसतात हो. त्यांना कुणी सांगितलेले नसते, आणि मास्तरला सांगता येत नसते.

‘नोकरी कुठे?’ हा प्रश्न येणार, भावोजी रोज विचारतात. खोटे सांगत नाही. भाची सध्या उच्च माध्यमिकमध्ये लेक्चर बेसिसवर मराठी शिकवते आणि डिसेंबर जवळ आला की फीत आणि दोरा काढते. पण अकरा नावांची बातमी लिहायलाही कुणाला तरी पगार मिळतोच ना? तुमच्याच दैनिकात आठवड्याला अर्धा स्तंभ द्या. एक चित्र, तीनशे शब्द, पाहुण्यांची नावे वर्ज्य. लिहिणाऱ्याला मानधन द्या, समईच्या फोटोला देता तेवढे तरी.

शेवटी वाचकांना एक विनंती. आमच्या गावच्यांना देऊळ कुठले ते सांगायला नको. त्या देवळात जीर्णोद्धारापूर्वी ज्यांची लग्ने, मुंजी, सत्यनारायण झाले त्यांनी कृपया जुने अल्बम काढून बघावेत. नवरा-नवरी चौकाच्या डाव्या खांबाजवळ उभी असतील तर त्यांच्या मागच्या भिंतीवर, साधारण नवऱ्याच्या फेट्याच्या वर, मोर यायला हवेत. फोटो धूसर असला, कृष्णधवल असला तरी चालेल. फोटो देऊ नका, नुसता दाखवा, भाची तुमच्यासमोर मोबाईलवर उतरवून घेईल. माझा पत्ता संपादकांकडे आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
डिचोली तालुका